खोली दाखवताना

आई जिथे गेली त्या खोलीला लागूनच माझी खोली आहे. लग्नाआधी मी तिथे झोपत असे, मग ती अडगळीची झाली, आणि आता रजा टाकून बाबांपाशी राहायला आल्यावर मी तिथली खोकी हलवून भिंतीला टेबल लावलं आहे. सकाळचा चहा झाला की दार लावून मी त्या टेबलाशी लिहायला बसते. बसते एवढंच खरं.

भिंत पातळ आहे आणि बाबांचा आवाज कमावलेला आहे.

बाबा राजवाड्यात गाईड होते. शहराच्या जुन्या भागातला तो राजवाडा, आता संग्रहालय झालेला. बाबांनी उभी हयात त्याच त्या दालनांतून लोकांना फिरवलं. दरबार, शस्त्रांचं दालन, आरशांचा जिना, शेवटी राणीची झोपायची खोली. लोकांकडे तोंड करून ते उलटे चालत. कुठे पायरी आहे, कुठे उंबरठा आहे, हे त्यांच्या टाचांना पाठ होतं. निवृत्त होईपर्यंत ते फाटक उघडायच्या आधी जाऊन रिकाम्या दालनांतून सगळं एकदा मोठ्याने म्हणून येत असत. "अजून पाठ झालं नाही का?" असं मी एकदा विचारलं होतं. "पाठ झालेलंच रोज म्हणायचं असतं," ते म्हणाले, "न झालेलं कोण म्हणेल?"

आईला या सगळ्याचं हसू यायचं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आलेली बाई घरी फार बोलत नसे. बाबा बूट काढता काढता काही सांगायला लागले की ती म्हणायची, "राजवाडा बंद झाला ना आजचा? मग मुद्द्याचं बोला."

आता मुद्द्याचं बोला म्हणणारं घरात कोणी राहिलेलं नाही.

भेटायला लोक येतात. त्यांना बसवायचं, पाणी द्यायचं, चहा विचारायचा, इथवर सगळं इतर घरांसारखं. मग बाबा त्यांना उठवतात. "या. इकडून या. जपून, इथे पायरी आहे." बैठकीच्या खोलीतून मधल्या बोळात, बोळातून आईच्या खोलीपर्यंत. आणि ते उलटे चालतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय चाललंय ते मला क्षणभर कळेना. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर आणि त्यांची बायको, हातातले पाण्याचे पेले तसेच धरून, बाबांच्या तोंडाकडे बघत पुढे चालले होते. खोलीच्या दारात बाबांनी हात आडवा केला. दोघं थांबले. राजवाड्यात त्या जागी दोरी बांधलेली असते.

"इथे," बाबा म्हणाले. "या पलंगावर."

पोस्टमास्तरांनी पेला दुसऱ्या हातात घेतला. त्यांच्या बायकोने मान खाली घातली. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, पण दाराने काय होतं? ऐकू सगळं येत होतं.

मला आईची शेवटची सकाळ लिहायची आहे. एका मासिकाच्या संपादकबाईंनी मागितली. "लेख नको," त्या म्हणाल्या, "चांगली बाई होती, कष्टाळू होती, ते नको. एक सकाळ लिही. वाचणारा त्या खोलीत जाऊन उभा राहिला पाहिजे." त्यांनी मागितलं म्हणून मी हो म्हटलं, हे अर्धंच खरं. ती सकाळ माझ्या हातून निसटत चालली होती आणि ती कुणाच्या हातात जात होती ते मला रोज भिंतीतून ऐकू येत होतं.

सुरुवातीला बाबांची गोष्ट एवढुशी होती. आत्याला फोनवर त्यांनी सांगितलं, "सकाळी गेली. त्रास झाला नाही." बस्. पुढच्या माणसाला सांगताना त्यात खिडकी आली. "खिडकी उघडा म्हणाली. मी उघडली. मग गेली." त्याच्या पुढच्या खेपेला वारा आला. "मी म्हटलं, अगं, वारा आहे. म्हणाली, असू दे." मग पडदा हलायला लागला. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पाहिल्यानंतर बाबा थांबायला लागले. तो थांबा पहिल्या दिवशी थोडा जास्त झाला, त्यामुळे पाहुण्यांनी मध्येच "अरेरे" म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो अचूक बसवला.

चीड आणणारी गोष्ट ही की सांगणं खरोखर सुधारत होतं. मी आयुष्यभर वाचत आले आहे. कुठे काय कापलं, कुठे एक शब्द पुढे सरकवला, हे मला ऐकताच कळतं. 'असू दे'च्या आधी बाबा पूर्वी 'ती क्षीण आवाजात' असं म्हणायचे, ते त्यांनी काढून टाकलं. बरोबर केलं. मीही काढलं असतं. त्यांना श्रोते होते, रोज सराव होता, आणि पहिल्या वाक्याची भीती नव्हती. आणि इकडे मी कागदावर 'त्या सकाळी आई' लिहून खोडत होते आणि 'आई त्या सकाळी' लिहीत होते.

मन एकाग्र करायचे सगळे उपाय करून झाले. फोन स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवला. कानात कापूस घातला. टेबलावर पुस्तक ठेवायचं नाही असं ठरवलं. नवऱ्याला सांगितलं की दुपारपर्यंत मी मेले असं समज. तो म्हणाला, "घरात असतेस तेव्हाही तसंच समजतो." एक दिवस सगळी सकाळ शांत गेली, कोणीसुद्धा आलं नाही, आणि मला एक ओळ सुचली नाही. कधी कोणी येतंय आणि मला लिहू देत नाहीये, याची मी वाट बघत होते.

संपादकबाईंचा फोन आला.

"कुठवर आलंय?"

"सुरुवात झालीय."

"ती मागच्या आठवड्यातही झाली होती."

"तीच पुन्हा झाली."

"अगं, तू वाचतेस फार. तू लिहायला बसलीस की आधीचे सगळे थोर लोक येऊन खुर्च्या अडवून बसतात. मग तू उभी राहणार कुठे? रोज एक पान लिही. वाईट लिही. आणि वाचू नकोस."

"छापलेलं की मी लिहिलेलं?"

"दोन्ही. अंक माझ्या पंचाहत्तरीपर्यंत थांबणार नाही हे लक्षात ठेव."

म्हणून मी वाईट लिहायचं ठरवलं. तेही जमायला सवय लागते. पण पान भरलं. भरल्यावर, वाचू नकोस म्हटलेलं असताना, मी ते वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'पडदा हलला.' मी पडदा हलताना पाहिलेला नव्हता. मी तेव्हा घरातच नव्हते. आईच्या दुखण्याची गोळी संपली होती आणि मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले होते. आले तेव्हा सगळं झालं होतं. तो पडदा बाबांचा होता आणि तो माझ्या वाक्यात, माझ्या अक्षरात, आपलंच घर असल्यासारखा हलत होता.

त्या दिवशी दुपारी मी बाबांशी बोलले.

"बाबा, सकाळी कोणी आलं तर बाहेरच बसवाल का? मला लिहायचं असतं."

"मी कुठे तुझ्या खोलीत येतो?"

"आवाज येतो."

"मग हळू बोलतो."

"तुमचं हळू शेवटच्या रांगेपर्यंत जातं."

हे ऐकून ते खूश झाले. ते त्यांना लपवता आलं नाही.

"लोक विचारतात, कशा गेल्या," ते म्हणाले. "त्यांना मी काय सांगू? आमच्या मुलीचं लिहून होईपर्यंत थांबा?"

"बाहेर बसून सांगा ना. आत का नेता?"

"आत नेल्याशिवाय सांगता येत नाही मला," बाबा म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला होता. "समोर काहीतरी लागतं."

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली, आईची धाकटी बहीण, आणि बाबा तिला बोळातून उलटे चालत घेऊन गेले. मी कानातला कापूस काढला. लिहीत तर नव्हतेच.

खिडकी झाली. वारा झाला. पडदा झाला. मग बाबांनी माझ्या ओळखीची नसलेली जागा सुरू केली.

"मग म्हणाली, ती कुठे गेली? मी म्हटलं, औषध आणायला. म्हणाली, तिला सांगा, सावकाश ये. घाई नाही."

थांबा.

मावशीच्या रडण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती माझ्या खोलीत आली, तिने मला खुर्चीतूनच कवटाळलं आणि म्हणाली, "शेवटपर्यंत तुझाच घोर गं तिला. सावकाश ये म्हणाली." तिच्या पर्सची कडी माझ्या मानेत रुतत होती. मी "हो" म्हटलं.

आई आयुष्यात मला कधी सावकाश ये म्हणाली नव्हती. शाळेपासून ती मला म्हणत आली होती, चटकन ये. रमत येऊ नकोस. येताना साबण आण. तिच्या तोंडी ते वाक्य बसत नव्हतं, जसं एखाद्या चांगल्या कादंबरीत शेवटच्या पानावर लेखकाचा धीर सुटतो आणि तो पात्राला शहाणं बोलायला लावतो. हे मला स्पष्ट कळत होतं. तरी मावशी गेल्यावर मी ते वाक्य लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं. एका अख्ख्या सकाळचं काम एवढंच झालं.

मग मला वाटलं, वाक्य राहू दे बाजूला, निदान खिडकी तरी मी माझी लिहीन. बाबांनी ती उघडली असेल, पण कशी उघडते ते मी पाहू शकते. कडी वर जाते की आडवी सरकते? आवाज होतो का? उघडल्यावर काय दिसतं, समोरच्या इमारतीची भिंत की रस्ता? वाचणारा खोलीत उभा राहायला हवा असेल तर आधी मी उभं राहायला हवं होतं. आई गेल्यापासून त्या खोलीच्या दाराच्या आत मी गेले नव्हते. बाबांचा तो आडवा हात माझ्यावरही चालत होता.

बाबा केस कापायला गेले होते. मी आत गेले. पलंगावरची चादर ताणून घातलेली होती, इतकी की त्यावर कोणी कधी झोपलं असेल असं वाटू नये. शेजारी वेताची खुर्ची. मी खिडकीपाशी गेले आणि कडी वर केली. ती सहज वर गेली. खिडकी ढकलली. ती हलली नाही. खांदा लावला, तरी हलली नाही. तेव्हा मी नीट पाहिलं. मागे घराला रंग दिला होता तेव्हा रंगाऱ्याने ती बंद ठेवूनच रंगवली होती. चौकट आणि झडप यांच्या फटीत रंग भरून वाळला होता, वरपासून खालपर्यंत, एकसंध. बिजागरीवर ओघळलेला एक थेंब तसाच गोठला होता. कुठे तडा नव्हता, खपली नव्हती. आईला धूळ चालत नसे, त्यामुळे ती खिडकी उघडत नाही हे कोणाला कळलंच नसणार.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. खिडकी नाही, म्हणजे वारा नाही. वारा नाही, म्हणजे पडदा नाही. एक एक करून मी त्या खोलीतून सगळं बाहेर काढत होते आणि पुढे काय काढावं लागणार आहे ते मला दिसत होतं.

बाबा आले तेव्हा त्यांच्या मानेवर बारीक पांढरे केस चिकटलेले होते. स्वयंपाकघरात बसून ते संत्रं सोलायला लागले.

"बाबा, खिडकी कशी उघडली?"

"कुठली?"

"आईच्या खोलीतली. ती रंगाने चिकटलीय."

त्यांनी संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा दोरा ओढून काढला. "थोडी उघडते ती."

"नाही उघडत. मी ढकलून पाहिली."

"जोर लावावा लागतो. तुला नाही जमायचं."

"रंगाला तडासुद्धा गेलेला नाही, बाबा."

ते फोडी एका रांगेत मांडत राहिले. मला थांबता आलं असतं. पण मी विचारलं, "ती तुमच्याकडे बघत होती?" मग विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाली नक्की?"

"राणी त्या पलंगावर मेली नव्हती," बाबा म्हणाले.

"कोण?"

"आमची राणी. राजवाड्यातली. ती मेली शहराबाहेरच्या बागेतल्या बंगल्यात, तापाने. बंगला पडून कैक वर्षं झाली. पण लोक उभे कुठे असतात? पलंगापाशी. त्यांच्यासमोर पलंग असतो. त्यांना मी म्हणू की नाही हो, इथे काही झालं नाही, चला पुढे?"

"मी राणीबद्दल विचारत नाहीये."

"कळतंय मला."

त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली. मग म्हणाले, "मला झोप लागली होती."

तो आवाज मी ऐकलेला नव्हता. त्यात राजवाड्याचं काही नव्हतं. कुठे थांबायचं हे त्या माणसाला माहीत नव्हतं.

"तू गेलीस, दार लागलं, ते ऐकलं मी. खुर्चीत बसलो होतो. आधीच्या रात्रीचं जागरण होतं. डोळा लागला. तू बेल वाजवलीस तेव्हा जाग आली. आधी तिच्याकडे पाहिलं, तर... मग दार उघडायला आलो. काही म्हणाली असेल तर मला माहीत नाही. म्हणाली असेल. हाक मारली असेल."

"नसेल मारली," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

मी त्यांच्या मानेवरचे केस पुसायला रुमाल घेतला, तर ते म्हणाले, "राहू दे, अंघोळ करतो."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मला वाटलं होतं, बाबांची गोष्ट मोडली की त्याखाली माझी सकाळ असेल. खाली काहीच नव्हतं. एक बंद खिडकी, एक झोपलेला माणूस, आणि पलंगावर जे झालं ते पाहणारं कोणी नाही. खोटं असताना निदान त्याच्याशी भांडता येत होतं. आणि एक गोष्ट मला आवडो न आवडो कबूल करावी लागली. ते 'सावकाश ये' मला हवं होतं. खोडलेल्या ओळींमध्ये मी ते जपून ठेवलं होतं.

बाबा गप्प झाले. सकाळी दार वाजलं की ते वर्तमानपत्र उघडून बसायचे. आता मला हवी तेवढी शांतता होती.

त्यातच आईची प्रयोगशाळेतली मैत्रीण आली. उंच, रुंद हाडाची बाई, आई तिला 'मोठी' म्हणायची. ती आईसारखीच, वायफळ बोलणं नाही. बसली, पाणी प्यायली, आणि बाबांकडे बघून म्हणाली, "कशी गेली?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आता उठतील असं मला वाटलं. पण ते मला म्हणाले, "तू सांग."

"मी नव्हते," मी म्हटलं. "मी औषधांच्या दुकानात होते."

"बरं," मोठी म्हणाली. "मग तिथे काय झालं?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

"गोळी मिळत नव्हती," मी म्हटलं. "खालच्या खणात नाही, म्हणून दुकानदार शिडीवर चढला. वरच्या फळीवरची खोकी एक एक करून उचलून बघत होता. माझ्या पुढे एक बाई होती, तिला खोकल्याच्या औषधात साखर नको होती. ती त्याला खालून ओरडून विचारत होती, ह्यात आहे का, त्यात आहे का. तो शिडीवरून उत्तरं देत होता आणि खोकी उचलत नव्हता. मला वाटत होतं, शिडी हलवावी."

"हलवलीस?"

"नाही. काचेवर बोट आपटत होते. त्याने वरून सांगितलं, ताई, काच तडकेल."

मोठी हसली. मला आवडलं ते. मग ती म्हणाली, "ती असती तर तिने हलवली असती शिडी." आणि आम्ही दोघी हसलो. बाबा वर्तमानपत्राच्या घडीकडे बघत ऐकत होते. किती लक्ष देऊन ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान लिहायला घेतलं. ते सरळ आलं असं म्हणणार नाही. शिडी लिहिली तर ती प्रतीकासारखी दिसायला लागली, पृथ्वी आणि स्वर्ग वगैरे, आणि मला माझ्याच वाचनाचा राग आला. ती लोखंडी शिडी होती, एका पायाला रबर नव्हतं, म्हणून ती करकरत होती. एवढंच लिहायला दोन सकाळी गेल्या. साखर नको असलेल्या बाईला मी आधी दुष्ट केलं, मग बिचारी केलं, शेवटी तिच्या हातात एक ओली छत्री होती हे आठवलं आणि तेवढंच ठेवलं. पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं. पान संपायचं आणि त्यातली एखादी ओळ उरायची. हात दुखायचा, डोकं भणभणायचं, आणि जेवताना बाबांनी काही विचारलं की मी खेकसायचे. सरावाने माणूस चांगला होतो असं मला अजून वाटत नाही. पण ओळ उरत होती. खोडूनही उरत होती.

संपादकबाईंना मी सांगितलं, आई अजून आलेली नाही, मी दुकानातच आहे.

"राहा तिकडे," त्या म्हणाल्या. "पण दुकान बंद व्हायच्या आत बाहेर पड."

मग एका सकाळी मला पुन्हा पावलं ऐकू आली. "या. जपून, पायरी आहे." बाबांचे जुने मित्र, राजवाड्यातल्या तिकिटाच्या खिडकीवर बसणारे, बायकोला घेऊन आले होते. मी लेखणी खाली ठेवली. ते दारात थांबल्याचं कळलं. हात आडवा झाला असणार.

"मला झोप लागली होती," बाबा म्हणाले.

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. पुढच्या वाक्यापर्यंतच.

"मी इथे, या खुर्चीत. ही पलंगावर. आणि मुलगी तिकडे, औषधांच्या दुकानात. गोळी सापडेना. दुकानदार शिडीवर चढला. एक एक खोकं उचलतो, खाली ठेवतो. उचलतो, खाली ठेवतो. इकडे मी झोपलेला. तिकडे तो शिडीवर." थांबा. "आणि त्या वेळात."

थांबा अचूक बसला होता. पहिल्याच खेपेला.

मी उठले आणि दार उघडलं. बोळात तिघं उभे होते. तिकीटवाल्या काकांचा रुमाल डोळ्यांशी होता. बाबांचा हात अजून आडवाच होता.

"बाबा, शिडी माझी आहे," मी म्हटलं.

काका-काकू एकमेकांकडे बघायला लागले. घरात शिडीवरून भांडण आहे असं त्यांना वाटलं असावं.

"मोठीला सांगितलीस तेव्हा मी तिथेच होतो," बाबा म्हणाले.

"मी ती लिहितेय."

"मग लिही ना. मी कुठे नको म्हणतोय?"

"तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलीत तर मी काय लिहू?"

"तुझं होत नाही लवकर," बाबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, कामातल्या माणसाने कामातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं होतं. "लोक काय, रोज येणार आहेत का? आता कमी व्हायला लागलेत. जोपर्यंत येतायत तोपर्यंत मला काहीतरी सांगायला नको?" मग काकूंकडे वळून ते म्हणाले, "चला, चहा घेऊ."

मी दार लावून घेतलं. रागाने माझे कान तापले होते. शिडी गेली होती. ती मी लिहिली तरी मला आता त्यांच्या थांब्यासकट ऐकू येणार होती. मी ते पान बाजूला ठेवलं आणि कोरं घेतलं. दुकानातून बाहेर पडले. रस्ता ओलांडला. गोळ्यांची पट्टी हातात धरून जिना चढले, मधल्या मजल्यावर थांबले नाही, बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. हे सगळं मी घाईत लिहीत गेले, वाईट लिहीत गेले, एकदाही मागे न बघता, आणि दार उघडलं तेव्हा बाबा समोर उभे होते.

'गेली' म्हणाले ते. मला तेवढंच आठवत होतं. रोज आठवत आठवत तिथवर येऊन मी त्या शब्दापाशी थांबत असे. पण आता हात चालू होता, म्हणून मी पुढे लिहिलं, समोर काय दिसलं ते. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं. आणि उजव्या गालावर, डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत, वेताची जाळी उमटलेली होती. बारीक बारीक चौकोन, लाल. खुर्चीच्या पाठीवर गाल टेकून खूप वेळ झोपलेल्या माणसाच्या गालावर उमटतात तसे. ते मला त्या सकाळी दिसलं होतं. दार उघडल्याबरोबर दिसलं होतं. मी तिथून नजर काढून त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं होतं.

मी लिहायची थांबले. बाहेर कपबशांचा आवाज येत होता. बाबा काकांना कसला तरी जुना किस्सा सांगत होते आणि काका हसत होते.

पाहुणे गेल्यावर बाबांनी दार ढकललं आणि डोकं आत घातलं. समेट करायला आले होते हे उघड होतं. हातात माझ्यासाठी चहा होता.

"कुठवर आलंय?"

"दारापर्यंत."

"मग?"

"तुम्ही दार उघडता."

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी चहा टेबलावर ठेवला, कागदापासून लांब. "मग पुढे काय?"

मी कागदावर हात ठेवला. "अजून लिहिलं नाही," मी म्हटलं. सांगितलं असतं तर उद्या सकाळपासून ते पाहुण्यांना गाल दाखवत सुटले असते.